लेखनकलेचे पॉडकास्ट ऐकून तुमचे एखादे वाक्य खरोखर बदलले आहे का?

बांधावरची_बाभळ | ९ ऑक्टोबर, रात्री ९.४०

सर्वांना नमस्कार. मी हिंगोलीहून औंढा नागनाथच्या पलीकडील एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला जाते. जाताना पन्नास आणि येताना पन्नास मिनिटे एसटीत जातात. दोन वर्षांपूर्वी या वेळात मी लेखनकलेविषयीचे पॉडकास्ट ऐकायला सुरुवात केली. त्यातले दोन मी नेमाने ऐकते. पहिला 'रायटिंग एक्सक्यूझेस'. तो २००८ साली ब्रँडन सँडरसन, डॅन वेल्स आणि हॉवर्ड टेलर या लेखकांनी सुरू केला आणि पुढे मेरी रॉबिनेट कोवाल त्यांना येऊन मिळाल्या. भाग साधारण पाव तासाचा असतो आणि शेवटी श्रोत्यांना गृहपाठ दिला जातो. दुसरा 'द न्यूयॉर्कर' या साप्ताहिकाचा कथांचा पॉडकास्ट, जो २००७ पासून चालू आहे. त्यात एक लेखक जुन्या अंकांतील दुसऱ्या एखाद्या लेखकाची कथा निवडतो, ती वाचून दाखवतो आणि मग कथाविभागाच्या संपादक डेबोरा ट्रीसमन यांच्याशी तिच्याविषयी बोलतो.

दोन्ही मला मनापासून आवडतात. परंतु परवा जुन्या वह्या काढून बसले, तेव्हा एक गोष्ट टोचली. पॉडकास्ट ऐकण्याआधीच्या दोन वर्षांत मी सात कथा लिहिल्या होत्या. ऐकायला लागल्यानंतरच्या दोन वर्षांत टिपणांच्या तीन वह्या भरल्या आणि कथा मात्र एकच पूर्ण झाली. निवेदनाचा कोन, प्रसंगाची बांधणी, पात्राची गरज हे सगळे आता मला व्यवस्थित समजावून सांगता येते, पण रात्री कागद समोर घेतला की पहिल्याच वाक्याला दहा शंका येतात.

म्हणून नेमका प्रश्न विचारते. हे ऐकून तुमचे स्वतःचे एखादे वाक्य बदलले आहे का? बदलले असेल, तर आधीचे आणि नंतरचे अशी दोन्ही वाक्ये कृपया येथे लिहावीत. 'खूप शिकायला मिळते' हे मलाही मान्य आहे. मला वाक्य पाहायचे आहे.

रात्रपाळी | ९ ऑक्टोबर, रात्री ११.१५

ताई, माझ्याकडे असे एक वाक्य आहे. मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो आणि कंपनीच्या बसमध्ये 'स्क्रिप्टनोट्स' ऐकतो. जॉन ऑगस्ट आणि क्रेग मेझिन हे दोन पटकथाकार २०११ पासून तो चालवतात. त्यांच्या सर्वसाधारण सल्ल्यांचा मला फारसा उपयोग झाला नाही, हे आधीच सांगतो. उपयोग झाला तो एकाच गोष्टीचा. श्रोत्यांनी पाठवलेल्या पटकथांची पहिली तीन पाने घेऊन ते मधूनमधून त्यांची ओळीओळीने तपासणी करतात. ती पाने आपल्यालाही उतरवून घेता येतात. मी आधी स्वतः वाचतो, समासात माझे मत लिहितो आणि मग त्यांचे ऐकतो. माझे मत आणि त्यांचे मत जिथे वेगळे पडते, तिथेच मी शिकतो.

माझ्या कथेचे पहिले वाक्य असे होते: 'पहाटेचे पाच वाजले होते, आकाशात तांबडे फुटत होते आणि सदाशिव रात्रपाळी संपवून थकलेल्या पावलांनी कारखान्याबाहेर पडत होता.'

आता ते असे आहे: 'फाटकावरच्या रखवालदाराने सदाशिवचा डबा उघडून पाहिला, तर रात्रीची भाकरी तशीच होती.'

पहाट, तांबडे आणि थकलेली पावले मी काढून टाकली. डबे तर आमच्या फाटकावर रोज उघडून पाहतात, पण अकरा वर्षे ते पाहूनही लिहावे असे मला वाटले नव्हते.

दुधना | १० ऑक्टोबर, रात्री १२.४०

रात्रपाळी यांचे दुसरे वाक्य वाचून रात्र चांगली झाली. भाकरी का खाल्ली नाही, हे मला आता कळलेच पाहिजे.

मूळ प्रश्नाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. १९८० च्या दशकात मी आकाशवाणीच्या परभणी केंद्रावर नैमित्तिक निवेदक होतो आणि श्रुतिका, भाषणे, शेतकऱ्यांसाठीची निवेदने असे बरेच लेखन तिथे केले. लेखनाविषयीची चर्चा कानांनी ऐकणे आणि स्वतःचे लेखन कानांनी ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने माणूस जाणकार होतो. वाक्य सुधारते ते दुसरीने, असा माझा अनुभव आहे.

आमचे एक कार्यक्रम अधिकारी होते. संहिता हातात दिली की ते ती वाचत नसत, आम्हालाच वाचायला लावत आणि आपण खिडकीकडे तोंड करून बसत. आमच्या हातात पेन्सिल असायची. वाचताना जिथे श्वास घ्यावा लागेल, तिथे उभी रेघ मारायची. मग ते कागद मागून घेत आणि फक्त रेघा पाहत. रेघ अर्थाच्या मध्येच आलेली असली, म्हणजे कर्ता एका श्वासात आणि क्रियापद तिसऱ्या श्वासात गेलेले असले, तर ते वाक्य नव्याने लिहायला सांगत. 'वरीलप्रमाणे', 'पुढील तक्त्यात', 'अनुक्रमे' हे शब्द चालत नसत, कारण ऐकणाऱ्याला वर आणि खाली नसते आणि निसटलेले वाक्य त्याला परत मिळत नाही.

तुम्ही वाक्य मागितले आहे, म्हणून देतो. खात्याकडून आलेला मजकूर असा होता: 'ज्या शेतकऱ्यांनी पेरणीपूर्व बीजप्रक्रिया केलेली नाही, अशा शेतकऱ्यांनी शिफारस केलेल्या बुरशीनाशकाची प्रक्रिया करूनच पेरणी करावी.' वाचताना तीन रेघा पडल्या. प्रसारित झाले ते असे: 'पेरणी उद्या असेल, तर बियाण्याला औषध आज चोळा.'

पऱ्हाटी | १० ऑक्टोबर, रात्री १.३०

रात्रीची वेळ पाहून कोणाला आश्चर्य वाटू नये. आमच्या भागात शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच असते आणि मोटार चालू असेपर्यंत मी बांधावर एक कान मोबाइलकडे आणि एक कान मोटारीकडे ठेवून बसतो. बोलण्याचा वेग कमी करून ऐकतो, कारण अमेरिकी उच्चार मला एका दमात कळत नाहीत. मराठीत लेखकांच्या मुलाखती पुष्कळ ऐकायला मिळतात, पण मराठी वाक्य मोडून जोडून दाखवणारा कार्यक्रम माझ्या कानावर अजून आलेला नाही. कोणाला माहीत असल्यास सांगावे.

माझी तक्रार मात्र वेगळी आहे. 'सांगू नका, दाखवा' हा सल्ला जवळजवळ प्रत्येक पॉडकास्टमध्ये येतो. काही भागांत त्याच्या मर्यादाही सांगतात, हे मान्य. तरीही आपल्याकडची गोष्ट सांगण्याची रीत त्यात बसत नाही. माझी आजी १९७२ च्या दुष्काळाविषयी एवढेच म्हणायची: 'त्या साली आम्ही मिलो खाल्ला.' त्या एका वाक्यावर ओसरीवरच्या सगळ्या बाया गप्प होत. तिने काहीही दाखवलेले नसे, नुसते सांगितलेले असे. मी हाच प्रसंग कथेत घेतला आणि ऐकलेल्या सल्ल्याप्रमाणे त्याचे दोन पानी दृश्य केले. तांबडी भाकरी, तिचा वास, खडी फोडणारे हात, कामावर मिळणारी सुकडी. वाचून चुलते म्हणाले, 'हे सगळं खरं हाय, पण आजी कुठं गेली?'

मी ती दोन पाने काढून टाकली आणि आजीचे वाक्य परत घातले. त्यामुळे ताई, माझे वाक्य पॉडकास्ट ऐकून बदलले आणि नंतर पुन्हा पहिल्यासारखे झाले.

मांजरा_काठ | १० ऑक्टोबर, दुपारी २.०५

पऱ्हाटी भाऊ, तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. ओसरीवरच्या बायांनी मिलो स्वतः खाल्लेला होता, म्हणून त्यांना एक वाक्य पुरले. माझी मुलगी लातूरला अकरावीत आहे आणि मिलो म्हणजे बाहेरून आणून रेशनवर वाटलेली तांबडी ज्वारी, हे मी आज सकाळी तिला सांगितले तेव्हा तिला पहिल्यांदा कळले. तिच्यासाठी लिहायचे असेल, तर ती भाकरी कुठेतरी दिसावी लागेल. चुलत्यांसाठी लिहायचे असेल, तर गरज नाही. त्यामुळे सांगावे की दाखवावे, याआधी समोर कोण बसले आहे हे ठरवावे लागते.

आता बाभळताईंसाठी. तुमच्या हिशेबाशी मी सहमत नाही. सात कथा आणि एक कथा अशी तुलना नुसत्या संख्येवर कशी करता येईल? ती एक कथा त्या सातांपेक्षा चांगली आहे का, हे तुम्ही सांगितलेले नाही. शिवाय माझ्यासारख्या घरी राहून लिहिणाऱ्या बाईला हे पॉडकास्ट सोबत देतात, तेही मोजले पाहिजे. आमच्या गल्लीत कथेविषयी बोलायला कोणी नाही. साहित्य परिषदेच्या कार्यक्रमाला वर्षातून एकदोनदा जाणे होते. भाकरी थापताना दोन माणसे एका परिच्छेदाविषयी अर्धा तास जीव लावून बोलत आहेत, एवढे ऐकले तरी आपण करतो ते काम आहे असे वाटते.

माझे वाक्यही देते. कथेच्या शेवटी मी लिहिले होते: 'अशा रीतीने सासूलाही आपली चूक उमगली आणि त्या घरात पुन्हा आनंद नांदू लागला.' ट्रीसमन बाईंच्या कार्यक्रमात कथा नेमकी कुठे थांबते याविषयीचे बोलणे पुष्कळदा येते. ते ऐकून मी शेवटची चार वाक्ये खोडली. आता कथा इथे संपते: 'सासूने पातेल्यात उरलेले वरण तिच्या ताटात वाढले.' हे वाक्य आधीही होते. त्याच्यापुढे मी उगीच बोलत राहिले होते.

बांधावरची_बाभळ | १० ऑक्टोबर, रात्री ८.२०

मांजराताई, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आज संध्याकाळी त्या सात कथा आणि ही एक कथा पुन्हा वाचल्या. नवी कथा अधिक नीटस आहे, तिच्यात चूक काढायला जागा कमी आहे. परंतु जुन्या सातांपैकी दोन कथांमध्ये अशी माणसे आहेत, जी मला अजून भेटायला येतात. नव्या कथेतली माणसे मी बसमध्ये ऐकलेल्या भागांवरून तयार केली होती, असे वाचताना जाणवले. त्यांना 'गरज' होती, 'अडथळा' होता, पण गाव नव्हते.

नागघाट | ११ ऑक्टोबर, सकाळी १०.३०

'गाव नव्हते' हे शब्द वाचून लिहावेसे वाटले. मी पैठणचा आहे आणि माझ्या अभ्यासाचा विषय महानुभाव गद्य आहे. सांगणे, दाखवणे आणि ऐकणे या तिन्हींचे मराठीतले सर्वांत जुने शिक्षण 'लीळाचरित्रा'त मिळते, असे माझे ठाम मत आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी ते प्रसंग पाहिले किंवा शब्द ऐकले होते, त्या एकेका माणसाकडे ते गेले आणि ऐकून लिहीत राहिले. पुष्कळ लीळांच्या, म्हणजे त्या आठवणींच्या, आरंभीच स्थळ येते. मग कोण आले, काय विचारले, स्वामी काय म्हणाले. वाक्ये दोन-चार शब्दांची असतात. भावनेचे नाव क्वचितच घेतलेले असते आणि तरीही माणूस पुढे उभा राहतो. म्हणजे 'दाखवा' हा सल्ला आपल्याला परका आहे, हे पऱ्हाटी यांचे म्हणणे मला तितकेसे मान्य नाही. आपल्याकडे तो सल्ला म्हणून कोणी दिला नाही, करून ठेवला आहे.

सल्ला म्हणून पाहायचे असेल, तर जालना जिल्ह्यातील जांबच्या समर्थांकडे जावे. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्या समासाचे नावच 'लेखनक्रियानिरूपण' आहे. त्यात अक्षराचे वळण, शाई, कागद, बोरू अशा गोष्टींचे बारीक विवेचन आहे. कल्पना कुठून सुचते यावर तिथे एक ओळही नाही. पोथी नकलून लिहिणाऱ्याला ज्या अडचणी येत, त्या तेवढ्या नीट सोडवून दिल्या आहेत. बाभळताई, तीन वह्यांतील टिपणांमध्ये तुमच्या रोजच्या अडचणीला उत्तर देणारी टिपणे किती आहेत, ते एकदा पाहावे अशी विनंती आहे.

नवी_लेखणी | ११ ऑक्टोबर, सायंकाळी ५.४५

मी बारावीत आहे आणि मला सुरुवात करायची आहे. कोणत्या भागापासून ऐकावे? गावात नेटवर्क कमी मिळते.

रात्रपाळी | ११ ऑक्टोबर, सायंकाळी ७.३०

जिथे वायफाय मिळेल तिथे चारपाच भाग उतरवून ठेवावेत, म्हणजे नंतर नेटवर्क लागत नाही. पॉडकास्टची मूळ सोयच ती आहे. नवा भाग आला की ॲप त्याची नोंद घेऊन तो आपल्या यंत्रात आणून ठेवते आणि आपण सवडीने ऐकतो. 'पॉडकास्ट' हा शब्दही फार जुना नाही. बेन हॅमर्सली या ब्रिटिश पत्रकाराने २००४ साली 'द गार्डियन'मधील लेखात तो पहिल्यांदा वापरला. 'रायटिंग एक्सक्यूझेस'चा २०१५ चा दहावा हंगाम एखाद्या अभ्यासवर्गासारखा, कल्पनेपासून पुनर्लेखनापर्यंत क्रमाने बांधलेला आहे. तिथून सुरू कर. पण एक भाग ऐकला की त्याचा गृहपाठ लिहून झाल्याशिवाय दुसरा ऐकू नकोस.

बालाघाट | १२ ऑक्टोबर, रात्री १०.००

मी बीड जिल्ह्यातील आहे. माझे आईवडील पंचवीस वर्षे ऊसतोडीला जात होते आणि मी कोपीत, म्हणजे तोडणी कामगारांच्या झोपडीत, अभ्यास करून शिकलो. मला बोलीभाषेचा मुद्दा मांडायचा आहे, कारण पॉडकास्टमधील सल्ल्याने माझे सर्वांत जास्त नुकसान तिथे झाले आणि सर्वांत जास्त फायदाही तिथेच झाला.

नुकसान आधी सांगतो. बोली लिहिताना हात आखडता घ्यावा, उच्चाराप्रमाणे शब्द मोडून लिहिल्यास वाचक थकतो, असे मी तीनचार ठिकाणी ऐकले. इंग्रजीत ते योग्यही असेल, कारण तिथे शब्दाचे लेखन ठरलेले आहे आणि ते मोडले की पात्र अडाणी दिसते. मी ते मनावर घेतले आणि पात्रांच्या तोंडचे 'मपलं', 'तुपलं', 'कामून' काढून त्यांना 'माझं', 'तुझं', 'कशासाठी' बोलायला लावले. कथा एका मित्राला दाखवली. तो म्हणाला, हे लोक पुण्याहून ऊस तोडायला आले आहेत का? रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' ही कादंबरी सबंध पार्बतीच्या बोलीत निवेदन झालेली आहे आणि मराठी वाचक ती पन्नास वर्षे न थकता वाचतो आहे, हे मला तेव्हा आठवायला हवे होते. नांदेड-लातूरकडचा माणूस 'करूलालो' म्हणतो, परभणी-जालन्याकडचा 'करायलोय' म्हणतो. हा फरक म्हणजे मोडलेले शब्द नव्हेत. बोलणाऱ्याचा जिल्हा त्यातून कळतो.

आता फायदा. एका भागात परक्या जगातील शब्द वाचकापर्यंत कसा पोहोचवावा याविषयी बोलत होते. शब्दाचा अर्थ थांबून सांगू नये, पात्राला तो शब्द वापरताना दाखवावे, म्हणजे वाचकाला आपोआप कळतो, असा त्याचा आशय होता. ते लेखक काल्पनिक ग्रहांविषयी बोलत होते आणि मला आमची टोळी दिसत होती. माझे जुने वाक्य: 'त्याने मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामापूर्वी मिळणारी आगाऊ रक्कम, घेतली होती व नवराबायकोच्या जोडीस कोयता असे म्हणतात.' नवे वाक्य: 'मुकादमाने एका कोयत्याची उचल मोजून ठेवली, तेव्हा बापूने नोटा घेतल्या आणि अंगठा मात्र दोघांचा लागला.'

कोयता म्हणजे दोघे, हे आता वेगळे सांगावे लागत नाही.

दुधना | १३ ऑक्टोबर, सकाळी ६.४०

बालाघाट, हे वाक्य मी मोठ्याने वाचले. रेघ बरोबर 'ठेवली'नंतर पडते. फक्त 'मात्र' काढून वाचून पाहावे. 'नोटा बापूने घेतल्या, अंगठा दोघांचा लागला.' मला असे अधिक जड वाटते. निर्णय अर्थातच तुमचा.

बालाघाट | १३ ऑक्टोबर, सकाळी ९.१०

काका, 'मात्र' काढला. आभारी आहे.

पऱ्हाटी | १३ ऑक्टोबर, रात्री ११.५०

मांजराताईंचे आणि नागघाट यांचे म्हणणे दोन दिवस डोक्यात होते. मिलोचे दृश्य मी परत लिहिणार नाही, पण वाचणाऱ्याला मिलो कळावा म्हणून आजीच्या वाक्याआधी एक वाक्य घातले: 'ज्वारीच्या भाकरीला आजी पहिला घास मोडण्याआधी हात लावून बघायची, पांढरी आहे ना.' मग ती म्हणते, 'त्या साली आम्ही मिलो खाल्ला.' चुलत्यांना दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण कागद परत न देता घडी करून खिशात ठेवला.

बांधावरची_बाभळ | २ नोव्हेंबर, रात्री ९.००

तीन आठवड्यांनी परत येते आहे. नागघाट सरांनी सांगितल्याप्रमाणे वह्या तपासल्या. निम्म्याहून अधिक टिपणे कादंबरीचे हस्तलिखित विकण्याविषयी, मालिकेचा दुसरा भाग कसा बांधावा याविषयी किंवा मला कधीही न पडलेल्या प्रश्नांविषयी होती. त्या वह्या बंद केल्या. कामाची टिपणे दोन पानांत उतरवून घेतली.

दुसरा बदल असा केला, की सकाळच्या बसमध्ये पॉडकास्ट ऐकणे सोडले. संध्याकाळी परत येताना ऐकते. सकाळी ऐकते ते वेगळेच आहे. माझ्या चुलतसासूबाई चाळीस वर्षे कापूस वेचत आल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊन मी दोन रविवार त्यांचे बोलणे मोबाइलवर नोंदवले. काय विचारावे हे मला पॉडकास्टमुळेच सुचले, हे प्रामाणिकपणे नोंदवते. भावनेचे नाव न घेता थकवा दाखवा, असा एक गृहपाठ होता. म्हणून मी त्यांना 'त्रास व्हायचा का' असे न विचारता, 'दिवस कलला की हात काय करायचे' असे विचारले. त्या बराच वेळ हाताकडे पाहत राहिल्या आणि मग त्यांनी सांगितले.

माझे आधीचे वाक्य: 'कापूस वेचून वेचून तिचे हात रक्तबंबाळ झाले होते.'

आत्ताचे वाक्य (वटी म्हणजे वेचलेला कापूस ठेवायला कमरेला बांधलेली झोळी): 'दुसऱ्यांदा वटी भरत आली, तशी ती डाव्या हाताने वेचू लागली, कारण उजव्या हाताच्या नखांच्या कडांना वाळल्या बोंडाचे टोक आता सोसत नव्हते.'

पुढे तीन पाने लिहून झाली आहेत. पहिला परिच्छेद असा आहे: उगवतीला बायका शेतात उतरतात, दवाने ओल्या पराटीतून ओळी धरतात आणि वेचायला लागतात. काही चुकत असल्यास सांगावे.

मांजरा_काठ | २ नोव्हेंबर, रात्री ९.४५

'आता सोसत नव्हते' यातला 'आता' राहू द्या. पहिल्या वटीपर्यंत सोसत होते, हे त्या एका शब्दाने कळते.

पऱ्हाटी | ३ नोव्हेंबर, पहाटे ४.१५

ताई, वाक्य फार चांगले आहे, पण पहिल्या परिच्छेदात एक चूक आहे. दवात कापूस वेचत नाहीत. ओला कापूस गाठोड्यात कोंदटतो आणि पिवळा पडतो, त्याला भाव मिळत नाही. शिवाय मजुरी किलोवर असते, ओला कापूस वजनाला जास्त भरतो, त्यामुळे कोणताही मालक दव उडाल्याशिवाय वेचू देणार नाही. आमच्याकडे तरी असेच आहे. सासूबाईंना एकदा विचारून घ्यावे.

बांधावरची_बाभळ | ३ नोव्हेंबर, रात्री ८.३०

विचारले. पऱ्हाटी भाऊ, तुमचे बरोबर आहे. त्या म्हणाल्या, घरून अंधारातच निघायचो, कारण घरी थांबलो तर घरचेच काम निघायचे, पण शेतात जाऊन ऊन येईपर्यंत बांधावर बसून राहायचो. दिवसभरातला तेवढाच वेळ आमचा होता, असे त्या सहज बोलून गेल्या. मी नोंदवलेल्या दोन्ही रविवारच्या बोलण्यात हे कुठेही नव्हते, कारण मी वेचण्याविषयीच विचारत राहिले होते.

पहिली तीन पाने बाजूला ठेवली आहेत. कथा आता इथून सुरू होते: 'दव उडायचे होते, म्हणून बायका बांधावर बसल्या होत्या आणि कोणीच अजून वटी बांधलेली नव्हती.'